शीग कुणाची?

शाळेतल्या भूमितीत वर्तुळाची त्रिज्या ७ असते. फार तर १४. पेपर काढणाऱ्याच्या अंगात आलं तर २१. कारण पाय म्हणजे बावीस सप्तमांश, आणि त्यातला खालचा सात कुणीतरी खाल्ल्याशिवाय उत्तर नीट सुटत नाही. ज्या गणिताखाली ‘पाय = ३.१४ घ्या’ असा आदेश असतो, तिथल्या विहिरींची त्रिज्या रातोरात १० होते. अशा आज्ञाधारक विहिरी मी प्रत्यक्षात कुठे पाहिल्या नाहीत. तशी ती वर्तुळाकार बागही कुणी पाहिलेली नाही. त्या बागेत झाड नाही, बाक नाही, भेळवाला नाही. फक्त तिच्याभोवती साडेतीन मीटर रुंदीचा रस्ता आहे आणि त्याला फरशी बसवायची आहे. ठेकेदार फरशीचा एकच दर सांगतो आणि शेवटपर्यंत त्याच दराने काम करतो. इतकं वाचूनच मुलाला कळायला हवं की हा भाग परीकथेचा आहे.

दहावीत प्रकरण आणखी रंगतं. धातूचा एक भरीव गोळा वितळवून त्याचे शंकू करतात आणि किती शंकू झाले ते विचारतात. ज्यांनी सोनाराकडे एकदा तरी पाटल्या मोडून बांगड्या केल्या आहेत, त्या माउल्या हे गणित वाचून पोट धरून हसतील. गोळा वितळला आणि घट आली नाही? मजुरी लागली नाही? शेवटचा शंकू पूर्ण व्हायला गुंजभर धातू कमी पडला म्हणून ‘वर थोडे टाका’ असं कुणी म्हणालं नाही?

सूत्रांवर माझा काही आकस नाही. सूत्रं बरोबरच असतात. त्यांची अडचण एवढीच, की त्यांच्यातलं प्रत्येक भांडं काठाला काठ लावून, सपाट भरलेलं असतं. बाहेरच्या जगात असं कुणी भरत नाही. माणूस एक तर काठाच्या खाली थांबतो, नाही तर काठाच्या वर जातो. कुठे थांबायचं आणि कुठे वर जायचं, यालाच व्यवहार म्हणतात.

काठाच्या वर जे जातं ती शीग. ज्यांनी धान्य फक्त किलोच्या पिशवीत पाहिलं त्यांच्यासाठी सांगतो: शेराने, पायलीने धान्य मोजत तेव्हा माप भरलं तरी हात थांबत नसे. वर धान्य पडत राही, त्याचं टोक होई, दाणे कडेवरून ओघळू लागत, आणि मग माप उचललं जाई. हे शिगोशीग माप. घेणारीची नजर त्या टोकावर आणि देणाऱ्याची नजर घेणारीवर. ती क्षणभर पिशवीचं तोंड उघडायला वळली, की दुकानदाराचा पंजा मापावरून असा काही फिरे की टोक गेलं आणि तो नुसता धूळ झटकत होता असं वाटावं. ‘शीग लावा हो’ आणि ‘लावली की’ यांवर त्या काळचा अर्धा बाजार चाले. पुढे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि लिटर आले, पायली माळ्यावर गेली. लोकांना वाटलं, शीगही गेली. ती फक्त धान्याच्या दुकानातून उठून इतरत्र जाऊन बसली.

तिची उलटी बाजू पाहायची असेल तर रसवंतीवर जा. तिथला ग्लास खाली निमुळता, वर रुंद; पुस्तकात ज्याला शंकूछेद म्हणतात तो. समजा तळाची त्रिज्या दोन सेंटीमीटर, तोंडाची तीन, उंची आठ. रसवाला वरचा एकच सेंटीमीटर रिकामा ठेवतो आणि आपण म्हणतो, जाऊ दे, बोटभर तर आहे. पण ते बोट ग्लासाच्या सगळ्यात रुंद भागातलं असतं. गणित करून पाहिलं तर त्या एका सेंटीमीटरात रसाचा जवळजवळ सहावा हिस्सा जातो. रसवाल्याने शंकूछेदाचं सूत्र कधी पाठ केलेलं नाही. त्याला ते करायची गरजच काय, ग्लास त्यानेच निवडलाय.

आता शीग म्हणजे भूमितीच्या भाषेत शंकू. आणि हा शंकू आपल्याकडच्या गणितात फार पूर्वीपासून आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली, तिच्यात राशिव्यवहार नावाचं एक आख्खं प्रकरण आहे, धान्याच्या ढिगांवर. खळ्यावर सपाट जमिनीवर पडलेली रास किती, हे माप न लावता कसं काढायचं? दोरी घ्या, ढिगाचा परीघ मोजा. परिघाचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, उंचीने गुणा, झालं घनफळ. ढिगावर चढून उंचीही मोजायला नको: जाड धान्य असेल तर परिघाचा दहावा भाग, बारीक असेल तर अकरावा, कुसळाचं असेल तर नववा. कुसळं एकमेकांत अडकतात, म्हणून तो ढीग जरा ताठ बसतो. पुस्तकात बसून हे सुचत नाही. खळ्यावर ऊन लागलेलं असावं लागतं.

त्याहून गंमत पुढे आहे. ढीग भिंतीला टेकलेला असेल तर? दोरी अर्धीच फिरते. मग आलेला परीघ दुप्पट करा, घनफळ काढा, निम्मं करा. दोन भिंतींच्या आतल्या कोपऱ्यात असेल तर चौपट करा आणि चौथाई घ्या. कोपऱ्याच्या बाहेरच्या अंगाला पसरलेला असेल तर त्याचाही हिशेब वेगळा दिलाय. नऊशे वर्षांपूर्वीही लोक धान्य भिंतीला टेकवूनच ओतत आणि मग किती आहे त्यावरून भांडत, याचा याहून भक्कम पुरावा नको. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे आणि मठाच्या चरितार्थासाठी तेलाच्या घाण्यामागे पळीपळी तेल द्यावं असंही त्यात आहे. ती पळी काठोकाठ की जरा खाली, हे कोरायला मात्र दगड पुरला नसावा.

हे सगळं मला आठवण्याचं कारण वाळू.

मेहुण्याच्या बंगल्याचं काम चाललं होतं आणि तो नोकरीपायी परगावी, त्यामुळे साइटवर ‘लक्ष ठेवणं’ माझ्याकडे आलं. लक्ष ठेवणं म्हणजे खुर्चीवर बसून मुकादमाचा चहा पिणं. तिथे पहिल्याच दिवशी ब्रासची गाठ पडली. ब्रास म्हणजे १०० घनफूट. वाळू, खडी, मुरूम, सगळं ब्रासवर येतं. पुढे फरशीवाला आला, तोही म्हणाला, ‘सहा ब्रास काम आहे.’ मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. फरशीचा ब्रास म्हणजे १०० चौरसफूट. एकाच साइटवर, एकाच वहीत, एकच ब्रास सकाळी घनफळ असतो आणि दुपारी क्षेत्रफळ, आणि बिल देताना कुणाचाही गोंधळ होत नाही. शाळेत मी उत्तरापुढे ‘घन सेमी’ऐवजी ‘चौ. सेमी’ लिहिलं असतं तर अर्धा गुण गेला असता.

तर वाळू. ट्रकचा हौदा १० फूट लांब, ६ फूट रुंद. वाळूवाल्याने हौद्यात चढून मधोमध सळई खुपसली, बाहेर काढली, ओला भाग टेपला लावून दाखवला: अडीच फूट. दहा सक साठ, साठ अडीचं दीडशे. दीड ब्रास. तोंडी हिशेब इतका चोख, की टाळी वाजवावीशी वाटली. फाळका पडला, वाळू कंपाउंडच्या भिंतीला टेकून ओतली गेली, आणि त्या ढिगाकडे पाहताना मला एकदम लीलावती आठवली.

गवंड्याकडून ओळंब्याची दोरी मागून घेतली. भिंतीपासून भिंतीपर्यंत अर्धा फेरा: २० फूट. उंची साडेचार. वीस दुणे चाळीस, चाळीसचा सहावा भाग, त्याचा वर्ग, गुणिले साडेचार: बरोबर २००. भिंतीला टेकलाय म्हणून निम्मं: १००. एक ब्रास. आणि लक्षात घ्या, या रीतीत पायची किंमत सरळ ३ धरलेली आहे. बारकाईने काढलं असतं तर साडेपंच्याण्णवच आले असते. म्हणजे भास्कराचार्यांनी साडेचार घनफूट वाळूवाल्याच्या पदरात टाकले, तरीही दीडचं एकच भरत होतं.

‘साहेब, ट्रकात दीडच होती,’ वाळूवाला अजिबात न चिडता म्हणाला. ‘तुमच्यासमोर मोजली.’

‘मधोमध मोजली. कडेला दीड फूटच होती.’

‘वाळू आहे साहेब, कडेला कमी असणारच. मधे जास्त नव्हती का?’

याला उत्तर नव्हतं. शीग इथे आली होती, पण फिरून आली होती. पायलीच्या काळी शीग वर फुकट मिळायची. इथे शिगेचं टोक मोजून सगळा हौदा त्या उंचीचा धरला होता. मग त्याने दुसरं कारण काढलं: ‘रस्त्याने बसते ना ती.’ हे खरं आहे. वाळू हादऱ्यांनी बसते, आणि आमच्या साइटपर्यंतच्या रस्त्याने ती नुसती बसत नाही, ध्यानस्थ होते.

तिसरं कारण त्याने सांगितलं नाही, ते मुकादमाने सांगितलं, वाळूवाला गेल्यावर. वाळू ओली होती. ओली वाळू फुगते. वजनाच्या पाचेक टक्के पाणी असलं की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पडदा बसतो, कण एकमेकांना जरा दूर सारून उभे राहतात आणि सगळा ढीग पाव हिश्शाने मोठा दिसू शकतो. बारीक वाळू असेल तर त्याहूनही जास्त. मला खरं वाटेना. मुकादमाने स्टीलचा ग्लास मागवला, दुसऱ्या दिवशी आलेल्या गाडीतली ओली वाळू त्यात काठोकाठ भरली, बोटाने काठ साफ केला, आणि वरून सावकाश पाणी ओतलं. मी पाहत होतो. पाणी वाळूत शिरलं, बुडबुडे आले, आणि वाळू वर यायच्या ऐवजी खाली गेली. चांगली दोन बोटं. भिजलेली वाळू फुगते आणि बुडलेली वाळू बसते. कणांमधला पाण्याचा पडदा सगळीकडून पाणी आलं की सुटतो. इंजिनिअरिंगच्या मुलांना हाच प्रयोग काचेच्या नळीत करून दाखवतात. इथे तो चहाच्या ग्लासात झाला आणि नंतर त्याच ग्लासात चहाही आला.

दुसऱ्या गाडीच्या वेळी मी वाळूवाल्याला तो ग्लास दाखवला. तो ग्लासाकडे आणि मग माझ्याकडे दयेने पाहत म्हणाला, ‘साहेब, पाण्यात घातल्यावर माणूससुद्धा खालीच जातो.’

मुकादम हा माणूस सगळ्यांच्या शिगा ओळखून होता, कारण त्याची स्वतःची शीग घमेल्यात होती. गिलाव्याचं मिश्रण एकास चार ठरलेलं: एक घमेलं सिमेंट, चार घमेली वाळू. मोजायला मी उभा. चार म्हणजे चारच पडली, एकही जास्त नाही. फक्त सिमेंटचं घमेलं फावड्याच्या पात्याने सपाट केलेलं होतं आणि वाळूच्या प्रत्येक घमेल्यावर डोंगर होता. घमेलं मुळात उथळ आणि पसरट, त्यामुळे त्याच्यावरची शीग चांगली ऐसपैस बसते. चार शिगा मिळून आणखी एक घमेलं सहज होतं. एकास चारचं एकास पाच झालं आणि आकडा मात्र चारच राहिला. बिगाऱ्याला म्हटलं, सपाट भर. तो म्हणाला, ‘भरतो, पण डोक्यावरून नेताना सांडत नाही का? म्हणून थोडी जास्त.’ सांडण्यासाठी आगाऊ भरण्याची ही रीत आमच्या अंदाजपत्रकांतही आहे, तिथे तिला ‘अनपेक्षित खर्च’ म्हणतात.

रंगाऱ्याबद्दल थोडक्यात. भिंतीचं क्षेत्रफळ काढताना खिडक्या-दारं वजा करायची की नाहीत हा वाद इतका जुना आहे, की सरकारी मोजमापाच्या मानकांत त्याचे नियम लिहून ठेवावे लागले: अर्ध्या चौरसमीटरपर्यंतचं भोक वजा करायचंच नाही, मोठं असेल तर एकाच बाजूने, फारच मोठं असेल तर दोन्ही बाजूंनी वजा करून वर कडांचं क्षेत्रफळ मिळवायचं. आणि नक्षीच्या चौकटीचं दार रंगवलं तर लांबी गुणिले रुंदी काढून ते सव्वापटीहून थोडं जास्त धरायचं, कारण खाचाखोचांत रंग जातो. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला हे सगळं तोंडपाठ असतं. आमच्या रंगाऱ्याला यातला एकही नियम माहीत नव्हता. त्याने खिडक्या धरल्या, दारं धरली, आणि विचारल्यावर म्हणाला, ‘खिडकी नसती तर भिंत असती ना?’

पण शिगेचा खरा राजाश्रय म्हणजे सदनिका. एके काळी बिल्डरच्या कचेरीत गेलं की तीन क्षेत्रफळं मिळत: कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप. पहिल्यात आपण राहायचं, तिसऱ्याचे पैसे द्यायचे आणि मधलं दोघांची ओळख करून देण्यासाठी. कार्पेट ६५० चौरसफूट असलं आणि त्यावर ३५ टक्के लोडिंग लावलं, की कागदावर साडेआठशेच्या पुढे जाऊन ८७७ होत. मधले २२७ चौरसफूट कुठे आहेत असं विचारलं की बिल्डर हात गोल फिरवून दाखवी: जिना, लिफ्ट, लॉबी, वॉचमनची केबिन, न झालेलं क्लबहाऊस. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्याच्या वळणाचा काही भाग माझा असतो. मात्र तिथे मी चप्पल काढली तर सोसायटीची नोटीस येते.

२०१६ साली रेरा कायदा झाला, १ मे २०१७ पासून तो पुरता अमलात आला आणि कार्पेटचीच व्याख्या छापील झाली: बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, बाल्कनी धरायची नाही, आतल्या भिंती मात्र धरायच्या. आतल्या भिंतीत राहता येत नाही, पण तिच्यावर कॅलेंडर लावता येतं, म्हणजे वापर झालाच. विक्री कार्पेटवरच करायची असं ठरल्यावर क्षेत्रफळातली शीग निघाली आणि दरात जाऊन बसली. पूर्वी आठशे सत्याहत्तरांवर मिळणारी रक्कम आता साडेसहाशेंवर वसूल करायची म्हणजे दर फुगणारच. बिल्डरला तेवढा भागाकार येतो.

खरेदीदाराने मोजायच्या गोष्टी तशाच राहतात. सॅम्पल फ्लॅट पाहा. तिथे आतल्या खोल्यांना बहुतेक वेळा दारंच नसतात. तीन फुटी दार पूर्ण उघडताना जमिनीवर पाव वर्तुळ काढतं, आणि त्या पाव वर्तुळाचं क्षेत्रफळ सात चौरसफूट भरतं. तेवढ्यात खुर्ची ठेवता येत नाही, कपाट ठेवता येत नाही, सासूबाईंचा पाटही ठेवता येत नाही. अशी तीन दारं मिळून एका माणसाच्या पलंगाची जागा नुसतीच हलत असते. दार काढून ठेवलं की ती जागा बिल्डरची, दार बसवलं की दाराची. तुमची ती कधीच नसते.

आणखी एक गोष्ट मला कुणी समजावून देईल का? सदनिका चौरसफुटाने विकतात, घनफुटाने का नाही? माणूस काही कागदासारखा जमिनीला चिकटून राहत नाही. पण दर चौरसफुटाचा असल्यामुळे उंचीत कुणालाच रस नाही. राहत्या खोलीची उंची कमीत कमी २.७५ मीटर असावी असा नियम आहे, आणि हा ‘कमीत कमी’ बिल्डर मंडळी ‘बरोबर एवढीच’ असा वाचतात. वाळूसारखा घरांचाही ब्रास लावला असता, तर प्रत्येक स्वयंपाकघरावर मोठा माळा असता, त्याची उंची मधोमध सळई घालून मोजली असती आणि तिथे आपोआप शीग निघाली असती.

परिमितीची कुणाला पडलेली नसते असं वाटेल, पण शेतीत भांडण क्षेत्रफळाचं दिसतं आणि असतं परिमितीचं. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरसफूट. तेहतीस फुटांची साखळी एकदा आडवी, एकदा उभी. असे ४० गुंठे म्हणजे एकर. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर. आर म्हणजे १०० चौरसमीटर, सुमारे १०७६ चौरसफूट. एजंट सांगतो, ‘आर म्हणजे गुंठाच हो.’ गुंठ्यामागे तेरा-एक चौरसफुटांचा फरक, त्यात काय बघायचं? एकराच्या चाळीस गुंठ्यांवर तो पाचशे चौरसफुटांपर्यंत जातो. शहरात तेवढ्यात एक कुटुंब राहतं आणि त्यावर कर्जही काढतं.

आता एका एकराचे चार भावांत वाटे करा. प्रत्येकाला दहा गुंठे. चौरस तुकडा पाडला तर बाजू सुमारे १०४ फूट आणि परिमिती ४१७. पण प्रत्येकाला रस्त्याला लागून तोंड हवं, विहिरीकडे जायला वाट हवी, आणि आंब्याचं झाड दोघांच्या मधे नको. म्हणून पट्टे पडतात: ३३ फूट रुंद, ३३० फूट लांब. क्षेत्रफळ तेच, एक चौरसफूटही इकडेतिकडे नाही. परिमिती मात्र ७२६ फूट. म्हणजे चौरसाला जेवढा बांध लागला असता त्याच्या पावणेदोनपट बांध, तेवढंच जास्त कुंपण, आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्याला खेटून तेवढीच जास्त लांबी. नांगर फिरवताना बांध दरसाल थोडा कोरायचा, ही विद्या कुणाला शिकवावी लागत नाही. ३३० फुटांच्या बांधावर वीतभर सरकलं की अडीचशे चौरसफुटांच्या आसपास जमीन येते, जवळजवळ पाव गुंठा. मग मोजणीचा अर्ज, मग मोजणीदार, मग दोन्हीकडची माणसं बांधावर. मोजणीदार यंत्र लावून, खुणा करून जातो. तो गेल्यावर त्या खुणा कुठे होत्या यावर पुन्हा वाद होतो, आणि त्यातला एक भाऊ दुसऱ्याला अगदी मनापासून सांगतो, ‘मोजणीचं काही नाही रे, आपल्यात विश्वास पाहिजे.’

उन्हाळ्यात हे सगळं पाण्यावर येतं. आमच्या सोसायटीला एप्रिलपासून टँकर लागतात, प्रत्येक दहा हजार लिटरचा. पाण्याला शीग लागत नाही, ते आपोआप सपाट होतं, म्हणून मला वाटलं होतं की निदान इथे तरी वाद नसेल. पण आमचे खजिनदार निवृत्त अभियंते. त्यांनी टँकर रस्त्यावर उभा असतानाच त्याला टेप लावला. टँकर लंबवर्तुळी: रुंदी २ मीटर, उंची १.६, लांबी ४. पाय गुणिले एक गुणिले शून्य पूर्णांक आठ गुणिले चार. दहा हजारांना पन्नासभर लिटर जास्तच आले. ड्रायव्हरचा चेहरा उजळला. इतकी वर्षं लोक त्याला चोर म्हणत होते, आज गणिताने त्याला न्याय दिला होता.

तेवढ्यात आमच्या वॉचमनने जमिनीखालच्या टाकीत बांबू घातला. टाकी ४ मीटर बाय अडीच, म्हणजे तळाचं क्षेत्रफळ दहा चौरसमीटर आणि बांबूवरचा एक सेंटीमीटर म्हणजे शंभर लिटर. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. पेन्सिलीच्या खुणा त्याने स्वतः केल्या होत्या. टँकर संपल्यावर पाणी ९७ सेंटीमीटर चढलं होतं. तीनशे लिटर कमी.

‘टँकरमध्ये पूर्ण होतं,’ ड्रायव्हर म्हणाला. ‘काकांनी मोजलं ना?’

खजिनदारांनी टँकरभोवती फेरी मारली आणि ते गेटसमोरच्या चढाकडे पाहू लागले. टँकरचं तोंड उताराकडे होतं, पाण्याचा नळ मागच्या अंगाला, चढाकडे. पुढच्या कोपऱ्यात पाणी तसंच होतं. तीन अंशांच्या चढाला टँकरच्या तळाशी साधारण तीनशे लिटर अडकू शकतात, हे त्यांनी डायरीत तिथल्या तिथे काढून दाखवलं. ड्रायव्हर म्हणाला, टँकर उलटा लावतो, काय प्रश्न आहे? त्याने लावला. आता नळ उताराला आला, पाणी पूर्ण निघेल हे उघड होतं, फक्त पाइप टाकीपर्यंत पोचेना.

नवा, लांब पाइप घ्यायचा ठराव कमिटीत आला. तीन इंची, दहा मीटर. दर टँकरमागे तीनशे लिटर वाचले तर पाइपची किंमत उन्हाळ्यातच सुटते, असं खजिनदारांनी दाखवलं. सगळ्यांनी माना हलवल्या. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी हात वर केला आणि विचारलं, टँकर संपल्यावर पाइपात जे पाणी उरतं ते कुणाचं? खजिनदारांनी पेन उघडलं. त्रिज्या दीड इंच, लांबी दहा मीटर: सुमारे ४५ लिटर. ड्रायव्हरचं म्हणणं, पाणी त्याच्या नळातून बाहेर पडलं म्हणजे ते दिलं गेलं. सोसायटीचं म्हणणं, टाकीत पडल्याशिवाय ते मिळालं नाही. शिवाय पाइप सोसायटीचा, म्हणजे त्यातली पोकळीही सोसायटीची, असा एक मुद्दा तळमजल्यावरून आला. विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या पत्रिकेवर घेतला आहे. तोवर पाइप वाकवून, गुंडाळून, दोन्ही तोंडं वर बांधून ठेवावा असं ठरलं आहे.